पुण्यात पाणी किती वाजता येतं?

पुण्यात भाड्याचं घर बघायला गेलं की एजंट आधी बाल्कनी दाखवतो. मग मॉड्युलर किचन, मग पार्किंग. मी मात्र दारातच विचारायचो, "पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं?" बरोबर आलेले मित्र हसायचे. त्यांच्यातला एक नाशिकचा, एक कोल्हापूरचा. त्यांच्या लेखी पाणी ही नळातून येणारी गोष्ट होती. मी लातूरचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं, तेव्हा सगळा देश ती गाडी टीव्हीवर बघत होता आणि आम्ही घागरी मोजत होतो. अशा गावातून आलेला माणूस नव्या शहरात आधी नळ सोडून बघतो.

पुण्यात मला आता सात वर्षं झाली. या सात वर्षांत तीन घरं बदलली आणि प्रत्येक घराबरोबर पाणीही बदललं. हे शहर मला कळलं असेल, तर ते या तीन नळांमुळे.

पहिली खोली सदाशिव पेठेत. एमपीएससीचा अभ्यास, एका खोलीत चौघं, मेसचा डबा. पण पाणी? सकाळी ठरल्या वेळी, भरपूर, गोड. घरमालकीण काकू रोज सकाळी तांब्याचं पिंप रिकामं करून घासून पुन्हा भरायच्या. कालचं पाणी 'शिळं' झालं म्हणून अर्धं पिंप तुळशीला आणि अंगणात. पहिल्या दिवशी ते बघून माझ्या पोटात गोळा आला होता. आमच्याकडे त्या अर्ध्या पिंपात दोन दिवस निघाले असते.

पेठांमधून फिरताना एक गंमत लक्षात यायची. बसस्टॉप, चौक, रिक्षावाल्यांना सांगायच्या खुणा, सगळीकडे हौद. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद. लोक रोज ही नावं उच्चारतात. माझ्या वयाच्या पुणेकरांना विचारलं की इथं हौद कुठं आहे, तर बहुतेकांना ठाऊक नसतं.

हे हौद कात्रजच्या पाण्याचे. १७५०च्या सुमाराला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधले गेले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा मार्ग आणला गेला. आठ-दहा किलोमीटरचं अंतर आणि पंप नाही. कात्रज उंचावर, शहर उतारावर, एवढ्याच भांडवलावर पाणी चालत यायचं. आत माणूस शिरून साफसफाई करू शकेल असा चुना-विटांचा बोगदा, मध्ये मध्ये गाळ बसायला जागा आणि हवा खेळती राहावी म्हणून वर काढलेले 'उच्छ्वास'. उच्छ्वास हा शब्द मला फार आवडतो. शहराच्या पायाखाली पाणी वाहतंय आणि ते श्वास सोडतंय, असं काहीतरी. हे पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं, आणि तिथून लोक घागरीनं न्यायचे.

पण कोणते लोक? इन्स्टाग्रामवरच्या 'पेशवेकालीन जलव्यवस्था' छापाच्या रीलमध्ये हा प्रश्न नसतो. ड्रोन शॉट असतो, ढोल-ताशा असतो आणि 'आपले पूर्वज किती पुढारलेले होते' हे वाक्य असतं. इंजिनिअरिंग अचाट होतं, त्यात वाद नाही. पाणी उतारानं आठ-दहा किलोमीटर आलं. हौदापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या घागरीपर्यंतचं हातभर अंतर मात्र त्याला पार करता आलं नाही. पाणी वाहतं ठेवणं हे गवंड्याचं काम होतं, आणि ते कुठं थांबवायचं हे दुसरेच कुणीतरी ठरवत होते.

ते अंतर एका माणसानं स्वतःच्या घरापुरतं मोडलं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं आणि आपण पाठ करून पुढं जातो. मला ती ओळ कळली ती लातूरच्या टँकरच्या रांगा आठवल्यावर. पाण्याच्या रांगेत माणूस भाषण ऐकायला उभा नसतो. तिथं शेजाऱ्याची घागर आपल्या घागरीला लागते की नाही, यावर सगळं ठरतं. आपलं पाणी, आपल्या दारात, सगळ्या गल्लीच्या नजरेसमोर खुलं करणं म्हणजे रोज सकाळी नव्यानं भांडण ओढवून घेणं होतं.

दुसरा हौद त्याहून कमी लोकांना माहीत आहे, बाहुलीचा हौद. फुल्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले हे नावाजलेले शल्यविशारद आणि मुलींच्या शिक्षणाचे कैवारी. त्यांची लेक काशीबाई, लाडाचं नाव बाहुली, लहानपणीच गेली. मुलगी शिकते हे न रुचलेल्या माणसांनी तिला खाण्यातून काचा घातल्या, असं पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. वडिलांनी तिच्या आठवणीसाठी हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला. फरासखान्याच्या आवारात तो आहे. दगडूशेठ गणपतीला जाणारी निम्मी गर्दी त्याच्या अंगावरून जाते. मीही दोन वर्षं तशीच गेलो.

याच काळात शहराच्या पाण्याचं केंद्र दक्षिणेकडून पश्चिमेकडं सरकलं. १८७९ मध्ये मुठेवर खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं. कर्नल फाईफ नावाच्या इंजिनिअरनं आखलेलं, म्हणून इंग्रज त्या जलाशयाला 'लेक फाईफ' म्हणायचे. उद्देश दोन होते, कालव्यानं शेतीला पाणी आणि पुणे-खडकीच्या छावण्यांना पाणी. आणि गंमत बघा, हौद खुला करणारे फुले पेशानं कंत्राटदारही होते. १८७०च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या बांधकामाला त्यांनी साहित्य पुरवलं होतं. मांजरीला त्यांची साठेक एकर शेती होती. पाण्याबद्दल बोलणारा हा माणूस दगड-चुन्याचा भाव जाणणारा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तो कालवा अजून वाहतो. स्वारगेटच्या, पर्वतीच्या बाजूनं जाताना तुम्ही तो पाहिला असेल आणि नाला समजला असाल. तो पुढं हडपसर, लोणी करत दौंड-इंदापूरकडं जातो. दर उन्हाळ्यात शहर म्हणतं आम्हाला प्यायला हवं, शेतकरी म्हणतो माझा ऊस जळतोय, आणि कालवा समितीच्या बैठकीत दोघांचं पाणी टीएमसीत वाटलं जातं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २८३१ कोटी लिटर. सप्टेंबर २०१८ मध्ये हा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि झोपडपट्टीतली घरं वाहून गेली. धरण भरलेलं, पाऊस नाही, भर दिवसा पूर.

पूर म्हटलं की सदाशिव पेठेतल्या काकू एकच पूर मानायच्या. त्यांच्या कॅलेंडरमध्ये इसवी सन नव्हता. 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर', बस्स. लग्न पानशेतच्या नंतर, माहेरचा वाडा पानशेतच्या आधीचा.

१२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेत धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं आणि पावसाळ्यात त्यात पाणी साठलं होतं. भिंत खचू लागली. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. सकाळी भिंत फुटली. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर येऊन आदळलं. ऐंशी वर्षांच्या त्या दगडी भिंतीनं काही तास तग धरला, दुपारी तीही गेली. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली. नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार पेठांमध्ये वाडेच्या वाडे बसले. मातीच्या भिंती भिजल्या की वाडा पडत नाही, बसतो. हा शब्द काकूंचा.

पण त्यांनी सांगितलेली खरी गोष्ट पुराच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायची. काल शहर पाण्यात होतं आणि आज प्यायला पाणी नव्हतं. पानशेत गेलं, खडकवासला गेलं, म्हणजे नळाच्या मागचं धरणच गेलं. मग लोकांना वाड्यांच्या आडांची आणि विहिरींची आठवण झाली. कात्रजच्या पाण्याची आठवण झाली. दोनशे वर्षांपूर्वीच्या बोगद्यातून आलेलं पाणी आणि नळ आल्यावर फळ्या टाकून बंद केलेल्या विहिरी, यांनी शहराला ते दिवस काढून दिले. "आमच्या आडावर तेव्हा कुणाला जात विचारली नाही," काकू म्हणायच्या. थोडं थांबून, "पुढं दिवाळीनंतर विचारायला लागले परत."

आजचं पुणंही त्या पुरानंच आखलं. निर्वासित झालेल्या घरांसाठी आधी पत्र्याच्या अर्धगोल निसन हट आल्या, मग गोखलेनगर, सहकारनगर, लक्ष्मीनगर अशा वसाहती. पेठ सोडून 'लांब' राहायला जायची सवय पुण्याला तेव्हा लागली. कोथरूडला वर्षानुवर्षं शिव्या घालणाऱ्या पेठकऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तिसरं घर, म्हणजे आत्ताचं, धायरीत. परीक्षा सोडली, आयटीतली नोकरी धरली, भाडं परवडेल तिथं आलो. दुचाकीवर वीसेक मिनिटांत खडकवासल्याच्या भिंतीवर पोचतो. रविवारी तिथं कणीस खातो, समोर पाणीच पाणी. आणि घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर वाचतो, 'आज टँकर उशिरा येईल, कृपया पाणी जपून वापरा.' धरणाजवळ राहायला आलो आणि पाणी लांब गेलं. नळ उलट्या दिशेनं मोठा होत गेलेला आहे, आधी छावणी, मग पेठा, मग उपनगरं, आणि धरणाच्या पायथ्याची गावं शेवटी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. कर पुण्याचा लागला, पाइपलाइन यायची आहे.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमची साथ आली. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. चालता-बोलता माणूस, आधी जुलाब, मग पायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला, आणि संशयाची सुई पाण्याकडं गेली. तेव्हा शहराला कळलं की धरणाच्या कुशीतल्या या गावांना शुद्धीकरण प्रकल्पातलं पाणी मिळतच नव्हतं. धरणाचं पाणी विहिरीत घेऊन, क्लोरीन टाकून सोडलं जात होतं. कित्येक खासगी आरओ केंद्रांचं पाणीही खराब निघालं, ती बंद झाली. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचे हात-पाय तीन आठवडे हलत नव्हते. तो आता बरा आहे, पण उकळलेल्या पाण्याची बाटली घेतल्याशिवाय खाली दूध आणायलाही जात नाही.

आणि पावसाळ्यात दुसरा मेसेज असतो, 'खडकवासला धरणातून विसर्ग वाढवण्यात येत आहे.' पूर्वी मी तो न वाचता पुढं सरकवायचो. आता त्यातला हिशोब कळतो. वरची तीन धरणं मोठी आहेत, वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१. सगळ्यांच्या खाली खडकवासला, जेमतेम १.९७. वरचं पाणी येऊन पडतं ते या छोट्या भांड्यात. ते भरायला वेळ लागत नाही, आणि भरलं की सोडण्यावाचून उपाय नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे ते सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. लोक झोपेतून उठले तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडालेल्या होत्या. नदीकाठी भराव टाकून मुठेचं पात्र आपण आवळत आणलंय. धरण तेवढंच सोडतं, नदीला मात्र वाहायला जागा कमी पडते.

त्या आठवड्यात मी पेठेत काकूंना भेटायला गेलो. वाडा गेलाय, तिथं पाच मजली इमारत आहे, काकूंना तिसरा मजला मिळालाय. तांब्याचं पिंप वर आलं, पण रोज रिकामं होत नाही आता, खांदा दुखतो. मी विचारलं, तो आड कुठं गेला? त्या मला लिफ्टनं खाली घेऊन आल्या. पार्किंगच्या कोपऱ्यात एका ॲक्टिव्हाच्या चाकाखाली लोखंडी झाकण होतं. मी गाडी बाजूला घेतली. झाकणाला बोटभर भोक होतं. काकूंनी कुंडीतला एक खडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "टाक बघू."

मी टाकला. बराच वेळानं खालून आवाज आला.