बोटाचा ठसा आणि गावाची साक्ष : टेंभली व त्याआधीची दोनशे वर्षे

२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याचे टेंभली हे लहानसे गाव त्या दिवशी देशभरच्या बातम्यांत झळकले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत गावातील एका आदिवासी महिलेला देशातला पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्या क्रमांकाचे बाराही आकडे वृत्तपत्रांत जसेच्या तसे छापून आले. कोणाचाही आधार क्रमांक असा जाहीर करण्यास आज कायद्याने मनाई आहे. तेव्हा मात्र मनाई करणारा कायदाच नव्हता.

टेंभलीची ही कथा बहुतेकांना येथपर्यंत ठाऊक असते. या धाग्यात तिच्या मागे जायचे आहे. ‘हा माणूस कोण?’ या प्रश्नाचे उत्तर पूर्वी गाव देत असे. ते काम गावाच्या हातून कसे निघाले, कोणाकडे गेले, आणि ज्यांच्याकडे गेले ते कोणाला उत्तरदायी आहेत, एवढाच शोध. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ खानदेशच्या जुन्या गावगाड्यापासून करू. पाटील, कुलकर्णी यांच्या जोडीला खानदेशात जागल्या असे. रात्रीची राखण करणारा हा सेवक बहुधा भिल्ल समाजातला. गावात चोरी झाली की पावलांचा माग काढणे हे त्याचे काम. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचला की पुढची जबाबदारी त्या गावावर पडे. त्याने माग पुढे न्यावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे. या सेवेबद्दल जागल्याला धान्यरूपाने हक्क मिळत. ही पाळतच होती, यात शंका नाही. तिच्यात जातीची उतरंड होती, अन्यायही होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पाळत ठेवणारा माणूस गावाच्या ओळखीचा होता आणि चूक झाली तर ती कोणाच्या पदरात टाकायची हे सर्वांना माहीत होते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे त्याचा कारभार सोपवला गेला. सातपुड्याच्या डोंगरांतील भिल्लांशी पुढची काही वर्षे संघर्षात गेली. मराठेशाहीच्या अखेरच्या धामधुमीत अनेकांचे परंपरागत हक्क बुडाले होते, हे त्या संघर्षाचे एक मोठे कारण. नुसत्या बंदुकीने भागत नाही असे दिसल्यावर १८२५ मध्ये कंपनी सरकारने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी निघाल्या. त्यांपैकी नंदुरबार-सुलतानपूर भागासाठीच्या एजन्सीचे ठाणे कुकरमुंड्याला होते. ते गाव आज गुजरातेत आहे. जुने गुन्हे माफ करणे, जमीन आणि तगाई देऊन वसाहती वसवणे, तक्रारी ऐकणे ही एजंटांची कामे. त्याच वर्षी जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारण्यास हात घातला. धरणगाव हे तिचे केंद्र. भिल्लांकरवीच भिल्लांवर वचक बसवण्याची ही योजना पुढे फार वाखाणली गेली.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. जागल्या गावाचा नोकर होता, पलटणीतला शिपाई सरकारचा. माणसे कदाचित त्याच पाड्यांतली असतील, पण त्यांना जाब विचारणारा धनी बदलला होता.

आता नकाशावर बरेच पूर्वेकडे, बंगालमधील जंगीपूरला जावे लागेल; बोटांच्या ठशांचा वसाहती इतिहास तिथे सुरू होतो. २८ जुलै १८५८. विल्यम हर्शेल हा पंचविशीतला इंग्रज अधिकारी, प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ हर्शेल घराण्यातला. रस्त्याच्या बांधकामाला लागणारे साहित्य पुरवण्यासाठी त्याने राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक कंत्राटदाराशी करार केला आणि कागदावर सहीच्या जोडीला कोनाईच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. उठाव नुकताच होऊन गेला होता, परस्परांवरचा विश्वास आटला होता. ‘ही सही माझी नव्हेच’ असे कोनाईने उद्या म्हणू नये, एवढाच हर्शेलचा हेतू. ठशांतील रेषा वाचण्याचे शास्त्र तेव्हा अस्तित्वातही नव्हते. ठसा होता तो धाक बसवण्यासाठी.

हर्शेलचे नाव आपल्याकडे गुन्हेशोधाच्या इतिहासात येते. माझ्या मते ते सार्वजनिक कंत्राटांच्या इतिहासात यायला हवे. त्या आद्य ठशाचा विषय चोरी किंवा खून नव्हता, सरकारी रस्त्याचा पुरवठा-करार होता. आणि त्या करारात ठसा एकाच बाजूचा होता. सरकारने पैसे थकवले तर कोनाईने कोणाचा पंजा पुढे करायचा, याची तरतूद त्या कागदावर नव्हती.

पुढे १८७७ मध्ये हुगळीला असताना हर्शेलने हीच पद्धत दस्तनोंदणी, तुरुंग आणि निवृत्तिवेतन यांना लावली. मेलेल्या पेन्शनरच्या नावावर दुसराच कोणी पैसे उचलतो, हे त्यामागचे कारण. सव्वाशे वर्षांनी आधारच्या समर्थनार्थ दिला गेलेला ‘बनावट लाभार्थी’ हा युक्तिवाद किती जुना आहे, ते यावरून ध्यानी यावे. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठसे कार्यालय निघाले. तेथील वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, पण ती घडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा होता. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने करून देशभर लागू करता येईल असा केला गेला. अधिसूचित जमातींतील माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार त्यात होता. सोलापूरच्या सेटलमेंटमधील तारेचे कुंपण आणि रोजची हजेरी या स्मृती तेथील समाजांत अजून ताज्या आहेत. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला.

ठशांना झालेला सर्वांत गाजलेला विरोध ट्रान्सवालमधला. आशियाई रहिवाशांची दहा बोटांच्या ठशांसह सक्तीने नोंदणी करणाऱ्या वटहुकमाविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा झाली आणि सत्याग्रहाची वाट तेथून फुटली. त्याचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. १९०८ च्या आरंभी स्मट्स यांच्याशी तडजोड झाली आणि गांधीजी स्वेच्छेने नोंदणीला निघाले. तेव्हा ‘काल जो अपमान होता तो आज मान कसा झाला?’ अशा संतापाने मीर आलम या त्यांच्याच एका अनुयायाने त्यांना रस्त्यात बेदम मारले. सक्तीने दिलेला ठसा आणि खुशीने दिलेला ठसा यांत गांधीजींना जमीन-अस्मानाचे अंतर दिसत होते. कागदावर मात्र दोन्ही ठसे सारखेच उमटतात. आधारच्या अर्जावरील ‘ऐच्छिक’ हा शब्द वाचताना हा प्रसंग आठवणे वावगे ठरू नये.

शहादा तालुक्याकडे परतण्यापूर्वी तेथलाच एक निकटचा इतिहास सांगितला पाहिजे. १९७० च्या दशकाच्या आरंभी येथे मोठ्या शेतकऱ्यांनी पिकांच्या राखणीसाठी संरक्षण पथके उभी केली होती. गवत-सरपणासाठी शेतशिवारात फिरणाऱ्या आदिवासी स्त्री-पुरुषांना या राखणदारांकडून मारहाण होते, ही मोठी तक्रार होती. अंबरसिंग सुरतवंती यांचे काम, आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना, यांची पार्श्वभूमी जमिनीच्या प्रश्नाबरोबर हीसुद्धा आहे. पाळत खासगी हातात गेली की दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न शहाद्याने संगणक येण्यापूर्वीच अनुभवला होता.

आता पुन्हा टेंभली. प्राधिकरणाची स्थापना २००९ मधली, केवळ शासकीय आदेशाने झालेली. टेंभलीतला कार्यक्रम सप्टेंबर २०१० चा. आणि त्याला कायदेशीर आधार देणारे विधेयक राज्यसभेत आले ते डिसेंबर २०१० मध्ये. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये ते विधेयक नापसंत ठरवले. अखेर मार्च २०१६ मध्ये, आणि तोही धनविधेयक म्हणून, कायदा झाला. म्हणजे साडेपाच वर्षे कोट्यवधी लोकांचे ठसे आणि बुबुळांची चित्रे संसदेच्या कायद्याविना गोळा होत राहिली.

कायदा नव्हता, पण करार होते. ठसे जुळवून दुबार नोंदी गाळण्याच्या कामासाठी २०१० मध्ये अॅक्सेंचर, महिंद्रा सत्यम-मॉर्फो आणि एल-१ यांच्या समूहांची निवड झाली. यांतील एल-१ ही अमेरिकन कंपनी पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या साफ्रान समूहाने विकत घेतली. नोंदणीची साखळी वेगळी होती. वर राज्य सरकारे व बँका हे निबंधक, त्यांच्याखाली निविदेने नेमलेल्या नोंदणी संस्था, आणि शेवटी यंत्र घेऊन गावोगाव जाणारा ऑपरेटर. प्रत्येक यशस्वी नोंदणीमागे निबंधकाला ५० रुपये मिळत. या साखळीत ग्रामपंचायतीची भूमिका काय? बहुतेक ठिकाणी खोली, वीज आणि दवंडी.

हे नंदुरबारला विशेष लागू पडते, कारण १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्णतः, तर शहादा व नंदुरबार अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्यानुसार दारिद्र्यनिर्मूलन व इतर कार्यक्रमांचे लाभार्थी ओळखण्याची वा निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेची. पंचायतीने निधी कसा वापरला याचे प्रमाणपत्रही ग्रामसभेकडूनच घ्यायचे. सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकारही ग्रामसभेला व योग्य स्तरावरील पंचायतींना दिलेला आहे.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचावेत. एक म्हणतो, लाभार्थी कोण ते ग्रामसभा ठरवील. दुसऱ्याच्या व्यवहारात दूरवरच्या संगणकाने होकार दिल्यावरच धान्य मापले जाते. ऊसतोडीला जाऊन आलेल्या, कोयत्याने आणि चिपाडाने बोटे झिजलेल्या बाईचा ठसा रेशन दुकानातील यंत्राने नाकारला, तर ती कोण आहे हे रांगेतल्या प्रत्येकाला माहीत असते. सरपंचाला माहीत असते, दुकानदारालाही. त्या सर्वांच्या माहितीला यंत्रात रकाना नाही. कायद्यात पर्यायी ओळखीची सोय आहे खरी, पण ती वापरायची की नाही हे त्या क्षणी दुकानदाराच्या मर्जीवर आणि त्याच्या हिशेबाच्या धास्तीवर ठरते. यंत्र पुरवणारी कंपनी करारातील अटींना बांधलेली. करार झालेला मंत्रालयाशी. ग्रामसभेने ठराव केला तरी तो त्या करारातला पक्षकार नाही.

‘खासगीपणा ही शहरी सुखवस्तूंची चैन आहे’ हे विधान अधूनमधून ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. सप्टेंबर २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा बहुतांशी उचलून धरला. मात्र खासगी कंपन्यांना करारापोटी आधारची मागणी करू देणारी तरतूद रद्द केली. भिन्नमत न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे होते. त्यांनी धनविधेयकाचा मार्ग घटनाबाह्य ठरवला. अनुदानांसाठी ओळख पटवण्याची अट मात्र बहुमताने कायम राहिली, त्यामुळे रेशनच्या रांगेत फारसे काही बदलले नाही.

त्यानंतर यंत्राने बोटांवरून चेहऱ्याकडे मोर्चा वळवला. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी स्थळनोंदीसह छायाचित्र काढून, दिवसातून दोनदा, मोबाइल अॅपवर घेणे सक्तीचे झाले. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखणे अनिवार्य झाले. अंगणवाडी म्हणजे गावातलीच सेविका, गावातलीच गरोदर बाई. दोघी एकमेकींना नावाने हाक मारणाऱ्या. धडगावच्या डोंगराळ पाड्यांवर, जिथे मोबाइलची रेंज शोधत टेकडी चढावी लागते, तिथे ओळख पटवण्याचे काम आता सेविकेच्या हातातील फोन करतो. जुळणी झाली नाही तर रोष सेविकेच्या दारात येतो. अॅप कोणी बनवले, चेहऱ्यांची ती चित्रे कुठे साठतात आणि किती काळ राहतात, हे तिला विचारले जाते. त्याचे उत्तर तिला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितले जात नाही, आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय येत नाही.