उकळत्या पाण्याने मोजलेली उंची

‘शास्त्रीय कारणे द्या’ या मथळ्याखाली आपल्या शालेय पुस्तकांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला एक प्रश्न आहे: उंच डोंगरावर अन्न शिजण्यास अधिक वेळ का लागतो? हवेचा दाब कमी, म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदू कमी, एवढे लिहून विद्यार्थी गुण पदरात पाडून घेतो. परंतु दाब आणि उष्णता यांच्या ज्या नात्याची तो दोन ओळींत बोळवण करतो, त्याच नात्याच्या आधारे एके काळी अपरिचित मुलखांची मोजणी होत असे, हे त्याला कोणी सांगत नाही, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते.

पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाशी बरोबरी करतो तेव्हा पाणी उकळते. जसजसे वर चढावे तसतसा डोक्यावरील हवेचा भार घटतो, आणि ढोबळ मानाने दर 300 मीटर चढणीमागे उत्कलनबिंदू एक अंश सेंटिग्रेडने उतरतो. तेव्हा उकळत्या पाण्यावरचा तापमापकच वायुभारमापकाचे काम करू शकेल, ही कल्पना फॅरनहाइटने 1724 साली मांडली. पुढे 1787 च्या ऑगस्टमध्ये सोस्यूर या जिनिव्हाच्या पंडिताने माँ ब्लाँच्या माथ्यावर पाणी तापविले, ते 86 अंशांच्या आसपासच उकळू लागले. आणि 1817 साली वोलास्टनने याच कामासाठी एक खास नाजूक उपकरण सिद्ध केले.

आपल्या दख्खनशी या विद्येचा संबंध पेशवाईच्या अस्तानंतर लवकरच आला. नव्या अंमलास या प्रांताची जमीन, पिके, हवामान व लोकवस्ती यांचा तपशील हवा होता, आणि 1824 साली मुंबई सरकारने ते काम विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपविले. पाऱ्याचा वायुभारमापक म्हणजे जवळजवळ दोन हात लांबीची काचेची नळी. घाटवाटांच्या प्रवासात ती फुटावयास एक धक्का पुरे, आणि ती फुटली की पुढल्या सर्व उंच्यांची नोंद खुंटलीच. साध्या, सहज मिळणाऱ्या तापमापकांनीही उंची पुरेशी बिनचूक ठरविता येते, हे प्रतिपादन साइक्सने 1838 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात केले. रीत दिसावयास सोपी, पण तिच्यात दक्षता फार लागे. पाण्यात क्षार असतील तर त्याचे तापमान थोडे चढते, म्हणून काटेकोर कामात तापमापक पाण्यात न बुडविता वरच्या वाफेत धरावयाचा. अंशाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली तर उंचीत सुमारे 30 मीटरांचा फरक पडावयाचा. शिवाय वायुभार ऋतुमानाने बदलत असल्यामुळे, ज्याची उंची ठाऊक आहे अशा एखाद्या ठिकाणची नोंद ताळ्यासाठी हाताशी असावयाची.

या रीतीचे सर्वांत धाडसी उपयोजन मात्र एका शाळामास्तराने केले. कुमाऊँमधील मिलम गावचा नैनसिंग हा शिक्षक असल्यामुळेच ‘पंडित’ म्हणून ओळखला जाई. परकीयांस बंद असलेल्या तिबेटात मोजणी खात्यातर्फे वेषांतर करून जाण्यासाठी मंट्गमरी या अधिकाऱ्याच्या योजनेनुसार डेहराडूनला त्याची तयारी करून घेण्यात आली. पावलांची मोजदाद करण्यासाठी 108 ऐवजी 100 मण्यांची जपमाळ, प्रार्थनाचक्रात नोंदींच्या चिठ्ठ्या आणि पोकळ काठीत दडविलेला तापमापक, अशा सरंजामानिशी तो 1866 च्या जानेवारीत ल्हासास पोचला. ल्हासाइतक्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या सुमारास उकळते. संशय आला असता तर जिवावरच बेतावयाचे, आणि तशा धास्तीत हा मनुष्य पाणी तापवून पाऱ्याची रेघ वाचीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. शाळेच्या पुस्तकात फॅरनहाइटचे नाव असते. त्याच पानावर नैनसिंगाचेही असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

वस्तुतः त्याच्या कितीतरी आधी, 1844 साली, फ्रान्सच्या विदीने पाऱ्यावाचून चालणारा, डबीसारखा सुटसुटीत वायुभारमापक बनविला होता. पण त्याची धातूची डबी व कमान प्रवासात हळूहळू ढळत असे, आणि ती किती ढळली याचा निवाडा करण्यासाठी मोजणीदारांना पुन्हा चूल पेटवून पाणीच उकळावे लागे. नैनसिंगाने आणलेल्या नोंदींवरून डेहराडूनला गणिते मांडली गेली, ल्हासाचे स्थान व उंची नकाशावर आली, आणि 1877 साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.