होडी, सायकल आणि शिरोड्याची वाट

नकाशावर पाहिलें म्हणजे मालवणापासून तेरेखोलपर्यंतचा किनारा एखाद्या सलग रेघेसारखा दिसतो. त्या रेघेवरून सायकलीनें जाऊं पाहणाऱ्याला मात्र निराळाच अनुभव येतो. कांहीं मैल वाट तुडवावी आणि पुढें खाडी आडवी यावी. ती ओलांडून घाटी चढावी, सडा उतरावा, तों पुन्हां पाणी. कर्लीची खाडी, मोचेमाडची खाडी, शेवटीं तेरेखोलची. यांच्या मधले मुलूख भूगोलाच्या व्याख्येनें बेटें नव्हेत. पण पूल होण्यापूर्वीं ते बेटांच्याच रीतीनें जगत आले. म्हणून मला आज सुचवावयाचें आहे तें इतकेंच, कीं ज्याला या किनाऱ्याचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल त्यानें सुटीचे आठ दिवस काढावे आणि तो होडी व सायकल या दोन वाहनांनीं पाहावा. मोटारीनेंहि तो दिसतो. परंतु पूल आला कीं खाडी नाहींशी होते, आणि खाडी नाहींशी झाली कीं येथील निम्मा इतिहास अकारण वाटूं लागतो.

पूर्वीचा मुंबईकर येथें येई तो आगबोटीनें. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत ती बोट पणजीस जाई. बहुतेक बंदरांत धक्क्याला लागण्याची सोय नसे. बोट खोल पाण्यांत नांगर टाकी आणि किनाऱ्यावरून पडाव येत. लाटेनें पडाव वर आला कीं मुलें, बायका, ट्रंका, फणसांचीं ओझीं असें सर्व कांहीं त्यांत उतरावयाचें! पावसाळ्यांत बोटी बंद; मग मुंबईला असलेला मुलगा आईच्या आजारपणालाहि सहज येऊं शकत नसे. समुद्रानें आपली किंमतहि घेतली. नोव्हेंबर १९२७ च्या वादळांत ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती बोटींची वाहतूक पुढें बंद पडली. कोंकणी माणसाचें बोटीवर मोठें प्रेम होतें असें आतां म्हणण्याची चाल आहे. मला वाटतें, त्यांत प्रेमापेक्षां निरुपाय अधिक होता.

सायकल या मानानें अगदीं अलीकडची. स्टार्ली या इंग्रज कारागिरानें दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ १८८५ त बाजारांत आणली आणि १८८८ त डनलॉपनें हवा भरलेली धांव तयार केली. तेव्हांपासून ही गाडी सामान्य माणसाच्या हातांत आली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें चव्वेचाळीस हजार मैल हिंडून मार्च १९२८ मध्यें परत आले. त्यांच्या पराक्रमाशीं आपल्या सहलीची बरोबरी करण्याचें कारण नाहीं. पण जेथें जमीन संपे तेथें त्यांनाहि सायकल घेऊन बोटीवर चढावेंच लागलें. बैलगाडी होडींत घालणें हा एक समारंभच. सायकल मात्र खांद्यावर घेतली कीं झालें.

मालवणास सायकल धक्क्याजवळ ठेवावी आणि होडीनें कुरटें बेटावर जावें. या खडकावर शिवाजीमहाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ त किल्ला पुरा झाला. आंतील शिवराजेश्वराचें देऊळ सर्वजण पाहतात. माझें लक्ष अधिक जातें तें दूधबाव, साखरबाव आणि दहींबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींकडे. चोहोंकडे खारें पाणी असतां पोटांत गोडें पाणी असलेलें बेट हेरणें, ही निम्मी दुर्गरचना होय. होडी खडकांच्या मधून वळणें घेत जाते तेव्हां शत्रूच्या गलबतांना येथें काय वाटलें असेल याची कल्पना येते. ती तटावर उभें राहून येत नाहीं.

तेथून तारकर्लीवरून देवबागेस जावें. देवबाग ही जमिनीची एक अरुंद जीभ आहे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस कर्ली. टोंकाला होडीवाल्याशीं ठरवून सायकल होडींत घालावी आणि समोर भोगव्याच्या बाजूस उतरावें. मात्र वेळ होडीवाल्यानें ठरवावी, आपण नव्हे. कोंकणांत भरतीचा एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. ठिकाणाप्रमाणें थोडा फरक पडतो. पण घड्याळ नसलेल्या तांडेलाचें काम यावर चालत आलें. ओहोटीचा लोंढा आणि बाहेरची लाट खाडीच्या मुखाशीं एकमेकांवर आदळतात, तेव्हां शहाणा तांडेल किनाऱ्यावर विडी ओढीत बसतो. त्याला घाई करूं नये.

वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. १६३७ पासून ते येथें होते, आणि त्यांना हें बंदर हवें होतें तें मुख्यतः गोव्यावर नजर ठेवण्यासाठीं. १८१२ त तें सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलें. बंदरासमोर दूर समुद्रांत जे खडक दिसतात त्यांना पोर्तुगीज ‘जळकीं बेटें’ म्हणत. तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेचीं घरटीं बांधतात. तीं घरटीं चिनी लोकांच्या पक्वान्नासाठीं खरवडून विकलीं जात. २००१ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें त्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. हीं बेटें आपण दुरून पाहिलेलींच बरीं.

वेंगुर्ल्याहून दहा-अकरा मैलांवर शिरोडें. वाटेंत मोचेमाड आणि नंतर आरवली लागते. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चपला वाहतात. गांवाची राखण करीत देव रात्रीं फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. पायीं फिरणाऱ्या देवाच्या दारांत सायकल टेकवतांना थोडा संकोच वाटतोच.

शिरोड्याला माडांच्या आणि सुरूंच्या सावलींत पुष्कळ लोक येतात, पण मिठागरांकडे थोडेच वळतात. खाडीकांठच्या सखल जमिनीला बांध घालून भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें, तें एका वाफ्यांतून दुसऱ्यांत सोडीत उन्हानें आटवावयाचें, आणि शेवटच्या वाफ्यांत उमललेलें मीठ ओढून रास घालावयाची. पहिला पाऊस आला कीं सर्व बुडालें. मे १९३० मध्यें महाराष्ट्रांतील निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेले सत्याग्रही या मिठागरांत शिरले आणि मीठ उचलतांना त्यांनीं लाठ्यांचा मार खाल्ला. हंगाम शेवटच्या टप्प्यांत होता. महिनाभर उशीर झाला असता तर उचलावयास मीठच उरलें नसतें. भरती-ओहोटी आणि पाऊस यांचें पंचांग राजकारणालाहि पाळावें लागलें.

त्याच काळीं या गांवच्या शाळेंत वि. स. खांडेकर हे शिक्षक होते. १९२० पासून १९३८ पर्यंत, ऐन उमेदीचीं अठरा वर्षें, त्यांनीं येथें काढलीं. त्यांची पहिली कादंबरी १९३० सालची. पुढें १९७४ च्या ज्ञानपीठ पारितोषिकापर्यंत पोंचलेली ती लेखणी येथल्या कंदिलाच्या उजेडांत घडली. खेडेगांव मागासलेलें असतें असें समजणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

शिरोड्याहून रेडी, आणि रेडीच्या यशवंतगडावरून तेरेखोल, ही एका सकाळची सायकल. पण त्या एका सकाळींत पूर्वीं तीन राज्यांच्या सीमा जवळ येत. शिरोडें आणि रेडी इंग्रजांचीं, आरोंदें सावंतवाडी संस्थानचें, आणि तेरेखोल पोर्तुगिजांचें! १८७८ च्या करारानें इंग्रजांनीं गोव्याच्या मिठावरहि आपला अंमल बसविला होता. १८९२ त तो करार संपला आणि एका कांठचें मीठ दुसऱ्या कांठाला परकें झालें.

तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर आहे. बाकीचा सारा गोवा दक्षिणेस. पोर्तुगिजांनीं तो १७४६ त सावंतांकडून घेतला. समोरचा पेडणें महाल त्यांच्याकडे कायमचा गेला तो १७८८ त. हें एक कोरड्या जमिनीवरचें बेट आहे: तीन बाजूंस परमुलूख किंवा समुद्र, आणि आपल्या राज्याकडे जाण्यास चौथीकडून होडी. १५ ऑगस्ट १९५४ रोजीं सत्याग्रहींनीं या किल्ल्यांत शिरून तिरंगा फडकविला. तो तेथें टिकला नाहीं. त्यासाठीं डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. किल्ल्यांत आजहि संत अंतोनीचें देऊळ आहे, आणि केरीहून फेरीबोट चालते. ती पकडून गोव्यांत उतरावें.

ज्यांच्यापाशीं आणखी दोन दिवस असतील त्यांनीं आंतल्या वाटेनें डिचोलीकडे वळून मांडवींतील दिवाडी बेट गांठावें. तेथें अद्याप पूल नाहीं. सायकल फेरीबोटींतच चढवावी लागते. या बेटावरील नार्वें येथें सप्तकोटीश्वराचें देऊळ होतें. १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनीं तें पाडलें. भक्तांनीं देव नदीपलीकडे नेला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनीं १६६८ त केला. पलीकडच्या त्या गांवालाहि नार्वें हेंच नांव पडलें. बेटावर कोटीतीर्थाची जुनी तळी आहे, देव समोरच्या कांठीं आहे, आणि मध्यें फेरीबोट ये-जा करते.