खानाची वाट, भाचीचा बेत

ठाण्याहून भाचीचा निरोप आला. ‘मामा, यंदा २६ जानेवारी सोमवारी आलीय. शनिवारी सकाळी निघतो, चौघं. काय काय बघायचं ते ठरवून ठेव.’ आणि मला ठरवायला वाव राहू नये म्हणून खाली तिनेच यादी जोडलेली : भुशी, टायगर पॉइंट, राजमाची, लोहगड, कार्ले, भाजे, मेणाचे पुतळे, चिक्की. सगळ्यांत शेवटी ड्यूक्स नोज.

मी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचा. ज्या कड्याच्या पाठीला आमचं गाव टेकलंय त्याला यादीत शेवटची जागा, आणि तीही साहेबाच्या नावाने! आम्ही त्याला नागफणी म्हणतो. दरीतून पाहिलं की फणा काढून बसलेला नागच. गोऱ्यांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं लांब नाक दिसलं. ज्याला जे ओळखीचं, ते त्याला दिसतं. माथ्यावर मात्र महादेव बसलाय, त्याला दोन्ही चालतात.

यादी वाचून मला हसू आलं ते आणखी एका कारणाने. लांब बसून या डोंगराचा घाईघाईत बेत आखणारा एक माणूस आधीही होऊन गेला. कारतलबखान. शाएस्ताखानाने पुण्यात तळ ठोकला होता आणि उत्तर कोकण काबीज करायला त्याने या उझबेग सरदाराला धाडलं. रुळलेला रस्ता सोडून आडवाटेने गुपचूप उतरावं, शिवाजीराजांना पत्ता लागायच्या आत खाली पोचावं, असा खानाचा हिशोब. त्यासाठी त्याने निवडला आमचा कुरवंड्याचा घाट. तळेगाव, लोहगड मागे टाकत फौज आली आणि आमच्या गावावरून खाली उतरली.

पत्ता अर्थातच लागलेला होता. २ फेब्रुवारी १६६१. खाली उंबरखिंडीत, जिथे माणसामागे माणूस असंच चालावं लागतं, तिथे दोन्ही अंगांच्या रानात मावळे दबा धरून होते. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. परमानंदांनी ‘शिवभारता’त या प्रसंगाला ऐसपैस जागा दिली आहे. त्यात वारा पडलाय, फौज तहानेने व्याकूळ झालीय, आणि खानाबरोबर आलेली मुघलांची सरदारीण रायबागन त्याला सुनावतेय की सिंहाच्या रानात शिरलास हीच चूक. शरण जा, हा सल्लाही तिचाच. खानाने तो ऐकला. सामानसुमान, संपत्ती तिथेच टाकून जीव घेऊन जायची परवानगी मिळाली.

हा घाट तेव्हा वाहता होता. मग १८३० मध्ये बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता झाला, गव्हर्नर माल्कमने तो खुला केला, आणि कुरवंड्याच्या वाटेला ओहोटी लागली. बैलाच्या पाठीवर गोण्या लादून कोण उतरणार? उरलीसुरली कसर रेल्वेने भरून काढली.

त्या रेल्वेतच माझी बत्तीस वर्षं गेली, म्हणून जरा थांबतो. घाटातलं काम १८५६ मध्ये सुरू झालं, गाडी धावली १८६३ मध्ये. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं कडे फोडत होती. आधीच्या ठेकेदाराने १८५९ मध्ये काम सोडलं. नवा आला सॉलोमन ट्रेडवेल, तो थोड्याच आठवड्यांत आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस मात्र ठेका सोडून विलायतेला पळाली नाही. दोन इंजिनिअर हाताशी धरून तिने काम तडीस नेलं. आमच्या डोंगरात दोन परक्या पुरुषांची लाज दोन बायकांनी राखली असं मी म्हणतो. इतिहासवाले हे मान्य करणार नाहीत.

ऐन घाटात गाडी उलटी फिरवायचं स्टेशन होतं. चढ इतका की वळणाला जागाच नाही. इंजिन पुढून काढून मागे जोडायचं आणि पुन्हा निघायचं. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, वीज आली, ते बंद पडलं. पुढच्याच वर्षी १ जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली. सुरुवातीला ती शनिवार-रविवारचीच गाडी होती, हे भाचीला सांगितलं तर तिला खरं वाटेना.

आणि तो रविवार तरी कुठे फुकट मिळाला? गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडत होते. १० जून १८९० ला मालकांनी ती कबूल केली. त्या सुट्टीत लोणावळ्याला येणं गिरणीवाल्याला परवडणारं नव्हतंच. इथे बंगले बांधले ते शेठलोकांनी आणि साहेबांनी. भुशीचं धरण तर सहलीसाठी नव्हेच, रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे म्हणून.

तर बेत. भुशी मी खोडलं. जानेवारीत पायऱ्या कोरड्या ठणठणीत, तिथे जाऊन भुट्टाच खायचा. मेणाचे पुतळे खोडले. राजमाची पुढच्या वेळी. शनिवारी फक्त कार्ले. तिथे व्हरांड्यातला लेख आधी दाखवणार : वैजयंतीच्या भूतपाल शेठने हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात याला तोड नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची जाहिरात, पण खोटी नाही. आत खांबाखांबावर देणाऱ्यांची नावं, त्यात धेनुकाकटचे यवनसुद्धा. देवळात फरशीवर नाव घालणारे आपले लोक पाहिले की मला ते खांब आठवतात. वर छताला लाकडी कमानी अजून आहेत. घाटावरून उतरणाऱ्या व्यापाराचा पैसा दगडात गेला तो असा.

रविवारी पहाटे नागफणी, आणि तिथून परत न येता खानाच्या वाटेने खाली चावणीला. गॅसची पाइपलाइन गेल्यापासून वाट चुकायची भीती कमी झाली आहे. उंबरखिंडीत स्मारक आहे, शेजारी अंबा नदी. सोमवारी काही नाही. इंद्रायणीचा भात, कुळथाचं पिठलं आणि झोप.

हे सगळं लिहून पाठवलं. अर्ध्या तासात उत्तर : ‘मामा, उतरू खरं. पण परत वर कसं यायचं?’

खोपोलीहून एसटी आहे, असं कळवलं. आणि पाण्याच्या बाटल्या माणशी दोन.