वर्णन म्हणजे वचन: नांगराच्या माहितीपासून ॲपच्या दुकानापर्यंत



ऑनलाइन दुकानात सॉफ्टवेअर विकायला ठेवलं तर त्याचं वर्णन कसं लिहावं, म्हणजे लोक ते घेतील, असा आजचा विषय आहे. आता तुम्ही म्हणताल, यात इतिहासवाल्यांचं काय काम? काम आहे. मोबाईल नवा असेल, पण न पाहिलेला माल चार शब्दांवरून विकायचा हा धंदा जुना आहे. त्यात कोण टिकलं, कोण बुडालं आणि कायदा का करावा लागला, हे सगळं घडून गेलेलं आहे. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

सुरुवात आपल्या भागापासून करू. माळेगावच्या यात्रेतला जनावरांचा बाजार आठवा. तिथं विकणारा बोलण्यात कमी नसतो. पण घेणारा काय करतो? दात बघतो, खुर बघतो, चार पावलं चालवून बघतो. भाव तर रुमालाखाली बोटांनी ठरतो, तिथं शब्दाला जागाच नाही. ‘लाल कंधारी’ किंवा ‘देवणी’ एवढं म्हटलं की रंग, मुलूख, बांधा, कामाची ताकद हे सगळं त्या एका नावात आलं. मोंढ्यातही तसंच. आडत्याच्या पुढं तुरीचा ढीग असतो, मूठभर हातात घेतली की ओल आणि कचरा कळतो. म्हणजे बाजारात वर्णन आणि वस्तू एकाच जागी असतात. खोटं बोललेलं तिथल्या तिथं उघडं पडतं.

ही जोडी तुटली ती छापखाना, रेल्वे आणि टपाल आल्यावर. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली निघालं, ‘केसरी’ १८८१ साली. वर्तमानपत्रांबरोबर जाहिराती आल्या. १८७७ साली टपाल खात्यानं व्ही. पी. पी. सुरू केली. पार्सल दारात आलं की पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे. म्हणजे माल मुंबईत, घेणारा कुठल्या तरी तालुक्याच्या गावी, आणि दोघांच्या मध्ये फक्त छापलेल्या चार ओळी. दात बघायची सोयच राहिली नाही. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, कारभाराची भाषा मराठी नव्हती. मराठी छापील मजकूर इथं कमीच पोचायचा. पण जो पोचायचा, त्यावर लोक विश्वास ठेवायचे. छापलंय म्हणजे खरं असणार! ही समजूत विकणाऱ्यांच्या फार सोयीची होती.

ती सोय किती महाग पडू शकते याचा दाखला इंग्लंडात आहे, आणि आपल्याकडची कायद्याची पोरं तो पहिल्याच वर्षी शिकतात. ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाचं एक औषध होतं. सांगितल्याप्रमाणे वापरूनही फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ, अशी कंपनीनं जाहिरात केली. वर, आम्ही हजार पौंड बँकेत ठेवलेत, असंही छापलं. कार्लिल नावाच्या बाईंनी ते वापरलं आणि त्यांना फ्लू झालाच. कंपनी म्हणाली, अहो, ती नुसती जाहिरात होती. १८९२ साली अपिलात न्यायाधीशांनी निकाल दिला की तुम्ही इतकं ठरवून बोललात तर ते वचन झालं, पैसे द्या. म्हणजे ‘जगातलं सर्वोत्तम’ असं म्हटलं तर ती फुशारकी. पण ‘अमुक केलंत तर तमुक होईल’ असं म्हटलं की बांधले गेलात.

आता आपल्याकडचा, आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा दाखला. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण सुरुवातीला खपेना. का? लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. इथं थांबून विचार करा. अशा माणसापुढं ‘उत्कृष्ट, मजबूत, आधुनिक’ अशी विशेषणांची माळ लावून काय उपयोग? त्याची शंका मजबुतीबद्दल नव्हतीच, जमिनीबद्दल होती. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार बलुत्यात नीट करून द्यायचा. लोखंडी नांगराचा फाळ गेला तर जायचं कुणाकडं? वर्णन लिहिणारा माल बघून लिहितो, घेणारा स्वतःची अडचण बघून वाचतो. ही दरी जो ओळखतो त्याचं वर्णन पटतं.

१९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. मूळ कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती ग्राहकांपर्यंत जावी म्हणून काढलेलं हे पत्र. पण त्यात वाचकाच्या कामाचा, आवडीचा मजकूर येत गेला आणि त्याचं रीतसर मासिक झालं. पुढं १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघालं. नांगराच्या कंपनीनं मराठी मध्यमवर्गाला मासिकं वाचायला लावली, बघा! आधी वाचणाऱ्याला काही तरी द्यायचं, मग मागायचं, असा हा क्रम आहे. विश्वास ही रोख वस्तू नाही, ती हप्त्याहप्त्यानं जमा होते.

पण सगळेच किर्लोस्कर नसतात, म्हणून कायदा आला. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १५ व्या कलमाचा अर्थ सोपा आहे: वर्णनावरून माल विकला असेल तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. १९५४ साली चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. कुणी म्हणेल, सॉफ्टवेअर काय माल आहे का, ते तर हातात धरता येत नाही. हा प्रश्नही कोर्टात गेला होता. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं विक्रीकराच्या एका खटल्यात सांगितलं की सीडीसारख्या माध्यमावर विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर हा मालच आहे.

सॉफ्टवेअरचं वर्णन तसं सुरुवातीपासूनच आखूड. इंटरनेटच्या आधी फोनच्या तारेवरून प्रोग्रॅम उतरवून घेत, तेव्हा प्रत्येक फाइलीसोबत वर्णनाची एक छोटी फाइल असायची. फार तर दहा ओळी, ओळीत पंचेचाळीस अक्षरं. आपल्याकडं १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं, संगणकावर मराठी आलं, आणि तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले बसले. त्या काळात मराठी सॉफ्टवेअर घेताना फाँट किती मिळतात हे सगळे विचारायचे. एकात टाईप केलेलं दुसऱ्यात उघडेल का, हे फार थोडे विचारायचे. मजकूर दुसऱ्या गावी पाठवला आणि तिथं अक्षरांचा चिवडा झाला की मग कळायचं, विचारायचं ते राहूनच गेलं.

२००८ साली ॲपलचं ॲप स्टोअर आणि अँड्रॉइडचं मार्केट सुरू झालं. आज गूगल प्लेवर नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४,०००. २०२१ साली गूगलनं नियम केला की नावात ‘बेस्ट’, ‘नंबर वन’, ‘फ्री’ असले शब्द चालणार नाहीत. कार्बोलिक बॉलवाल्यांचा धडा दुकानदारानं सव्वाशे वर्षांनी आपल्या पाटीवर लिहिला म्हणायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. वर्णन खोटं निघालं तर नुकसान कुणाचं होतं, हे मराठवाड्याला पुस्तकात वाचायची गरज नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा ढीग लागला. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी, असं प्रमाण ठरलेलं आहे. पिशवीवरचा मजकूर वाचून शेतकऱ्यानं पेरलं, आणि रान मोकळंच राहिलं. दुबार पेरणी, पुन्हा बियाणं, पुन्हा उधारी. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पण पेरणीची वाफ गेली ती गेली. पिशवीवरचा आकडा हे वर्णन होतं आणि कुणाचं तरी वर्ष त्यावर अवलंबून होतं.

तुमचं ॲप म्हणजे उद्याची बियाण्याची पिशवीच आहे. ‘अचूक हवामान अंदाज’ असं तुम्ही लिहिता, तेव्हा नरसीकडचा कुणी तरी ते वाचून फवारणी ठरवतो. ‘अचूक’ हा शब्द लिहायला तुम्हाला काही लागत नाही, त्याची किंमत तो भरतो.

मग लिहावं कसं? समजा दूध संकलनाच्या हिशोबाचं ॲप आहे. एक जण लिहील: ‘दूध व्यवसायासाठी सर्वोत्कृष्ट, अत्याधुनिक आणि संपूर्ण उपाय.’ दुसरा लिहील: ‘सकाळ-संध्याकाळचं दूध आणि फॅट टाका, दहा दिवसांचं बिल तयार. रेंज नसली तरी चालतं. मोबाईल हरवला तर हिशोब परत मिळतो. फॅटचं मशीन जोडता येत नाही, आकडा हातानं टाकावा लागतो.’ पहिल्यात ॲपची तारीफ आहे, दुसऱ्यात डेअरीवाल्याचा दिवस आहे. आणि शेवटचं वाक्य बघा. ते वाचून चार गिऱ्हाइकं जातील, पण ती उद्या एक तारा देऊन शिव्या घालणारीच होती. जी राहतील ती वरच्या तीन वाक्यांवरही विश्वास ठेवतील. उणं सांगणाऱ्याचं बाकीचं खरं वाटतं, हे माळेगावच्या बाजारात कुणीही सांगेल.

तेव्हा पोरांनो, लिहायच्या आधी तीन गोष्टी करा. घेणाऱ्याची शंका त्याच्याच तोंडून ऐका, आपल्या मनानं ठरवू नका. प्रत्येक वाक्याला विचारा की हे कोर्टात सिद्ध करता येईल का. आणि जे जमत नाही ते ८० अक्षरांत बसत नसेल तर ४,००० मध्ये तरी वरच्या दोन ओळींत लिहा, तळाशी दडवू नका. पटवून देणं हा गुन्हा नाही, लक्ष्मणरावांनी ते आयुष्यभर केलं. पण त्यांचा नांगर जमिनीत गेल्यावर खरंच खोल जायचा.

वेळ झाली आहे. कुणाचं ॲप तयार असेल तर त्याचं वर्णन इथं वाचून दाखवा, आपण सगळे मिळून त्यातली विशेषणं काढू आणि काय उरतं ते बघू.