पोटदुखीची विचारपूस

गणपतीच्या दिवसांत पोट दुखले नाही असे मूल आपल्या इंदुरात सापडायचे नाही. घरी उकडीचे मोदक, बाहेर सराफ्यातला भुट्ट्याचा कीस. मग आजी बेंबीभोवती हिंग लावते, ओवा चावायला देते, आणि बहुतेक वेळा सकाळी पोर मांडवात हजर असते. पण एखाद्याचे दुखणे मोदकाचे नसते, अपेंडिक्सचे असते. ते ओळखायला उशीर झाला तर अपेंडिक्स फुटते. घाई झाली तर चांगले पोट विनाकारण उघडले जाते. या पेचातून वाट काढण्यासाठी डॉक्टरांनी संगणकाला कामाला लावले, त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्याची हकीकत आम्हाला सांगावीशी वाटते.

ती घडली इंग्लंडातल्या लीड्स शहरात. डॉ. डी डॉम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांची माहिती एका ठरावीक तक्त्यावर उतरवली. दुखणे कुठे सुरू झाले, कुठे सरकले, उलटी झाली का, खोकल्यावर कळ येते का, असे सारे. मग हिशेब मांडला : अपेंडिक्सच्या रुग्णांत उलटी किती जणांना, पित्ताशयाच्या दुखण्यात किती जणांना? नवा रुग्ण आला की संगणक त्याची लक्षणे या हिशेबाशी ताडून सात दुखण्यांपैकी कोणते अधिक संभवते ते सांगे. त्यामागचा नियम अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या धर्मोपदेशकाचा. पाद्रीबुवांच्या गणिताचा असा उपयोग होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नसेल!

१९७२ साली निकाल प्रसिद्ध झाला. ३०४ रुग्णांत संगणकाचे निदान ९१.८ टक्के बरोबर ठरले, तर चमूतल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गंमत केली. मोजलेल्या आकड्यांऐवजी डॉक्टरांनी अनुभवावरून सांगितलेले अंदाज संगणकाला पुरवले, तर त्याचे निदान बिघडले. अनुभव खोटा नसतो, पण त्याला नेमके मोजता येत नाही.

आम्हाला खरी मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. प्रयोग चालू असताना डॉक्टरच सुधारले. शस्त्रक्रियेआधीच फुटलेल्या अपेंडिक्सचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. प्रयोग संपला आणि ते पुन्हा वर चढू लागले. म्हणजे यंत्राइतकाच, कदाचित त्याहून जास्त, गुण त्या तक्त्याचा होता. प्रत्येक प्रश्न विचारावाच लागे, उत्तर लिहावेच लागे, आणि आपले निदान चुकले की बरोबर ते नंतर कळे.

१९८६ मध्ये ब्रिटनमधल्या आठ केंद्रांत, २५० डॉक्टर आणि १६,७३७ रुग्णांवर हीच पद्धत तपासली गेली. पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेली. विनाकारण पोट उघडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. कोपनहेगनमध्ये मात्र लीड्सचे आकडे तेवढे लागू पडले नव्हते. तिथले रुग्ण वेगळे, आणि तपासणारे हातही वेगळे.

लहान मुलांची अडचण निराळीच. कुठे दुखते विचारले की चार वर्षांचे पोर बेंबीवर बोट ठेवते. मुलांसाठी २००२ साली डॉ. मदन सॅम्युएल यांनी ११७० मुलांच्या नोंदींवरून दहा गुणांचे कोष्टक केले. २०१८ साली अमेरिकेत डॉ. खरबंदा आणि सहकाऱ्यांनी वय, दुखण्याचा काळ, चालताना होणारा त्रास आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांवरून जोखीम सांगणारा गणक तयार केला. असे गणक आता तातडीच्या विभागातल्या संगणकात बसवता येतात. सॅम्युएल यांच्या कोष्टकात दोन गुण मिळवून देणारी एक परीक्षा अगदी साधी आहे. पोराला उडी मारायला सांगतात, आणि उजव्या कुशीत खाली कळ आली का ते पाहतात.