साचे-खात्याचे दार

'वर्ग' हा शब्द आपण सभेत पुष्कळ ऐकतो. मालक एकीकडे, कामगार दुसरीकडे. कार्ल मार्क्सचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसे पोटासाठी कशी राबतात आणि जमीन, यंत्रे कोणाच्या मालकीची आहेत, यावर समाजाची घडण ठरते. कायदा, धर्म, रूढी त्या पायावर उभ्या असतात. पाया बदलला की वरचा इमलाही हलतो. यालाच इतिहासाची भौतिकवादी मांडणी म्हणतात.

१८५३ साली मार्क्सने लंडनहून एका अमेरिकन वृत्तपत्रात हिंदुस्थानविषयी लिहिले. आगगाडी आली की कारखाने येतील, आणि ज्या पिढीजात कामविभागणीवर जाती उभ्या आहेत ती मोडेल, असा त्याचा अंदाज होता. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती. १८५६ मध्ये मुंबईत कापडगिरणीही चालू झाली. म्हणजे निम्मा अंदाज खरा ठरला. उरलेल्या निम्म्याचं काय झालं?

ते गिरणीत शिरून पाहावं लागतं. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे कोकणातून, घाटावरून येऊन गिरणीत लागले, पण लागले ते रिंग खात्यात. साच्यावर, म्हणजे कापड विणायला, अस्पृश्यांना घेत नसत. कारण ऐकून आजच्या मुलांना हसू येईल. धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना साचेवाला दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालेना! बरं, हा विटाळ फुकटचा नव्हता. साच्यावर मजुरी जास्त होती. विटाळ पाळला की जादा पगाराच्या जागा आपोआप राखल्या जात.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. पुढाऱ्यांत कम्युनिस्ट होते, मार्क्स वाचलेले. परमपूज्य बाबासाहेबांनी त्यांना बजावले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मान्य करा, नाहीतर मी त्यांना संपात जाऊ नका असे सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी यादीत घातली. तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असलाच तर तो आमचा नाही. हे उत्तर मला फार बोचते, कारण ते अगदीच खोटे नव्हते. फुटलेला कामगार मालकाला स्वस्त पडतो, एवढे मात्र त्यांनी सांगितले नाही.

रेल्वेतही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी दाखवून दिले की, आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी तिथे सांगितले. त्यातला एकच शत्रू धरून लढणाऱ्यांशी त्यांचा वाद होता, लढ्याशी नव्हता. म्हणून तर त्याच वर्षी मुंबई सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे बिल आणले, तेव्हा ७ नोव्हेंबरच्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच कम्युनिस्टांबरोबर उतरला.